चिकाची पाकळी

भिकू गुरवाने कौल फिरवला, हे खरं आहे. पण चीक माझा होता.

एवढं लिहायला मला उभं आयुष्य लागलं. आता लिहून झालं आहे, तेव्हा बाकीचं सावकाश सांगतो. आमच्या सातेरीच्या देवळाची स्मरणिका निघायची आहे. गावात लिहिता म्हातारा मी एकटाच उरलो, म्हणून माझा पुतण्या सतीश कोऱ्या कागदांची चळत घेऊन माझ्याकडे आला. देवळातला पहिला मान आमच्या घराचा. वडिलांनंतर तो थोरल्या भावाकडे गेला आणि आता सतीशकडे आहे. "काका, इतिहास तुम्हीच लिवा," तो म्हणाला. "फक्त ता भिकू गुरवाचा दोन वळीत आटपा. कौलात कसूर केली म्हणान मान काढून घेतलो, इतक्याच. लोकांका म्हायत आसा." लोकांना माहीत आहे ते अर्धं. उरलेलं अर्धं माझ्यापाशी आहे आणि ते दोन ओळींत मावणारं नाही. सतीशचे कागद मी ठेवून घेतले आणि त्यांच्यावरच हे लिहायला बसलो.

बाहेरगावच्या वाचकासाठी कौलाचं थोडं सांगायला हवं. आमची देवी म्हणजे वारूळ, आणि त्या वारुळापुढे तिचाच एक काळा पाषाण आहे, पुरुषभर उंचीचा, नाक-डोळे कोरलेला. कौल घ्यायचा असला की गुरव त्याला पाण्याने न्हाऊ घालतो आणि ओल्या दगडावर अबोलीच्या दोन पाकळ्या दाबून लावतो, एक देवीच्या उजव्या खांद्याला आणि एक डाव्या. मग सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. कोणाची विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, भावाभावांनी कोर्टात जायचं की नाही, सगळं त्या दोन पाकळ्यांवर ठरायचं. देवळामागच्या देवराईतली तर वाळकी काडीसुद्धा कौलाशिवाय हलत नसे. शहरातली माणसं ऐकून हसतात. मी हसत नाही. त्या दोन पाकळ्यांनी आमच्याकडची अर्धी भांडणं मिटवली आहेत, आणि न्यायाधीश ओला दगड असल्यामुळे हरलेल्याला राग धरायला जागा राहत नसे.

आमचं घर डोंगराच्या अंगाला. मागे काजूची बाग वर चढत गेलेली, समोर भाताचे कुणगे, आणि बाजूच्या घळीत देवीची राई. राईतून एक व्हाळ वाहतो. त्याचं पाणी मे महिन्यातही गुडघाभर असायचं, कारण वर सूर्य पोचतच नसे. सकाळ उकड्या तांदळाच्या पेजेच्या वासाने सुरू व्हायची. आये चुलीपुढे बसलेली असायची. पेजेसोबत खारातली कैरी, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. माझे वडील, आबा, पहिला घोट घेईपर्यंत घरात कोणी बोलत नसे. तसे तेही कमीच बोलायचे, पण दोन शब्द मात्र दिवसातून दहादा त्यांच्या तोंडी यायचे, "खाली बस." गड्याला, पाहुण्याला, आम्हा मुलांना. त्यांच्यासमोर कोणी उभ्याने बोललेलं त्यांना खपत नसे. माणूस उभा राहिला की भांडायला आला असं ते धरून चालत. आज मला वाटतं, त्यांचं अगदीच चुकत नव्हतं.

त्या वर्षी मॅट्रिकला गणितात आपटून मी घरी बसलो होतो. थोरला भाऊ नोकरीसाठी बाहेरगावी होता. आबांनी मला काजू राखायला लावलं. काजू राखणं म्हणजे दिवसभर डोंगरावर बसून वांदरं हाकलायची आणि पडलेल्या बोंडांच्या बिया पिळून गोळा करायच्या. हातांची सालं जायची आणि अंगाला बोंडांचा आंबूस वास सुटायचा. पण जिथे मी बसायचो तिथून राईतल्या किंजळीचा शेंडा बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येई. ते झाड राईतलं सर्वांत उंच आणि सर्वांत सरळ. पानगळीला ते निम्मं उघडं पडलं आणि वरच्या बेचक्यात मला काटक्यांचं एक घरटं दिसलं, पेजेच्या पातेल्याएवढं.

गावात त्या पक्ष्याला रायेतली घार म्हणत. पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात चित्र पाहून मला त्याचं नाव कळलं, सर्पगरुड. पण घारीशी त्याचं काही नातं नाही हे मला तेव्हाच दिसलं होतं. घार गावावर जगते. मासळीची घाण, मेलेला उंदीर, कोंबडीचं पिल्लू, काहीही उचलते. हा पक्षी राई सोडून जात नसे. अंगाने काळपट तपकिरी, पोटावर तांदूळ सांडल्यासारखे पांढरे ठिपके, डोळ्यांभोवती आणि चोचीच्या मुळाशी हळद माखल्यासारखं पिवळं. मानेवर काळ्या-पांढऱ्या पिसांचा तुरा होता, तो राग आला की पंख्यासारखा उघडायचा. उडताना खालून पाहिलं तर पंखांच्या कडेने रुंद पांढरा पट्टा दिसे, पंच्याच्या काठासारखा. सकाळी ऊन तापलं की नर आणि मादी दोघं गोल गोल घेत वर चढायची आणि ओरडायची. आधी एक आखूड शीळ, मग दोन लांब. ती शीळ खाली घरापर्यंत ऐकू जायची. आमच्या घरात घड्याळ एकच आणि ते आबांच्या खोलीत. आये भाताचं आधण या शिळेवर ठेवायची. ढगाळ दिवशी पक्षी वर चढत नसत आणि आमचं जेवण उशिरा व्हायचं.

बघणारा मी एकटा नव्हतो. भिकू गुरव रोज सकाळी देवीच्या पूजेसाठी व्हाळावर पाणी भरायला यायचा. चाळिशीचा सडसडीत माणूस. एक खांदा घागर वाहून वाहून खाली झुकलेला. घागर काठावर ठेवून तो वर माझ्यापाशी येई, विडी पेटवी आणि किंजळीकडे बघत बसे. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "गणितात नापास झालंस मां? मगे बसल्या बसल्या मोज."

"काय मोजू?"

"ती घरट्यात हिरवी पाना हाडता, ती मोज. सुकली की नवी घालता. देवीची पूजा मी बदलतंय तशी."

मी मोजू लागलो. खरंच, दर दोन-तीन दिवसांनी मादी पानांची डहाळी तोडून आणी आणि घरट्यात अंथरे. अंडं एकच होतं. ते भिकूकाकाने समोरच्या आंब्यावर चढून पाहिलं आणि मला बोट दाखवून सांगितलं, "एकच अंडा. एकच पोर. गेला तर वरीस गेला." मादी दीड महिना त्यावर बसून राहिली. नर व्हाळावरच्या ठेंगण्या फांदीवर तासन् तास बसायचा, इतका गप्प की वांदरंसुद्धा त्याच्या शेजारून जात. पाठलाग करणं हे त्याचं काम नव्हतं. तो वाट बघायचा. खाली पाचोळा हलला की दगड सुटावा तसा पडायचा आणि वर येताना पायांत साप असायचा, कधी बेडूक, कधी नुसता खेकडा. पायांवर जाड खवले, सापाचे दात शिरायचे नाहीत असे. पिल्लू बाहेर आलं तेव्हा पांढऱ्या कापसाच्या बोंडासारखं होतं. आई साप फाडून त्याला भरवी. जरा मोठं झाल्यावर ते स्वतःच सापाचं टोक धरून ओढी आणि मागच्या मागे कोलमडे. भिकूकाका तेव्हा पोट धरून हसायचा. "बघ, बघ, सोरप आवडलो वाटता झिलाक!" झील म्हणजे आमच्याकडे पोरगा. हसणारा भिकू गुरव मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. देवळात तो घागर, फूल आणि गाऱ्हाणं एवढ्यापुरताच असायचा.

मग तो सापाचा दिवस आला. देवळात सभामंडपाची बोलणी करायला गाव जमला होता. भर दुपारी, शेपन्नास माणसांच्या डोळ्यांदेखत, नर पक्षी वारुळामागच्या दगडी गडग्यावर पडला आणि हातभर लांबीचा साप घेऊन उठला. सापाचं शेपूट कळसाला घासून गेलं. मग आबा म्हणाले, "राखणदार न्हेल्यान." राखणदार म्हणजे देवीच्या जागेचा रखवालदार नाग. तो दिसू नये, पण तो आहे हे प्रत्येकाला माहीत असतं.

भिकूकाका मागून म्हणाला, "धामण होती ती, आबानू. मी शेपटी बघितलंय."

"राखणदारान खयच्या रूपात येवचा ता आता तू सांगतलंस?"

माणसं हसली. हशा संपायच्या आत आबांनी पुढचं सांगून टाकलं. सभामंडपाला एक लांब तुळई हवी होती. राईतली किंजळ सरळ होती. ती तोडली तर देवीला छप्पर मिळेल आणि राखणदाराला खाणाऱ्याचं घरही जाईल. "एका कोयत्यात दोन कामां," ते म्हणाले. "चार दिसांनी कौल घेवया." पावसाच्या आत मंडप उभा राहायचा होता. पिल्लाला पिसं फुटत होती, पण उडायला अजून तीन आठवडे तरी हवे होते. पानं मोजता मोजता मला तेवढं गणित यायला लागलं होतं.

घरी आये कोवळा फणस कापत होती, आडाळ्यावर, म्हणजे विळीवर बसून, हात कोपरापर्यंत तेलाने माखून. तिच्यासमोर पांढरा चीक आडाळ्याच्या पात्यावरून ओघळत होता. मी मदतीला हात घातला तशी ती ओरडली, "आधी तेल लाय, मेल्या! चीक लागलो तर तीन दिस सुटाचो नाय." जेवताना मी आबांसमोर उभा राहिलो. हो, उभा राहिलो. म्हटलं, "आबा, पिल्लू उडापर्यंत तरी थांबूया."

"खाली बस."

मी बसलो.

"आधी गणितात पास हो. मगे घारींची वकिली कर." त्यांनी फणसाच्या भाजीत शेंगदाणे कमी पडल्याचं आयेला सांगितलं आणि विषय संपला.

कौलाच्या पाकळ्या देण्याचा मान आमच्या घराचा. अबोली आयेच्या अंगणातली. भाऊ नसल्यामुळे परडी घेऊन मीच जाणार होतो. पाकळ्या गुरवाच्या हातात एकेक द्यायच्या, आधी एक, मग दुसरी, हा रिवाज. लहानपणापासून मी आबांच्या मांडीला टेकून कौल बघत आलो होतो. पहिली पाकळी नेहमी उजवीकडे लागायची, दुसरी डावीकडे. म्हणजे पहिल्या पाकळीला चीक लावला की उजवी गळणार नाही, डावी गळेल आणि नकार येईल. मला ते इतकं सोपं वाटलं, की गणितात नापास कसा झालो याचं नवल वाटलं. कौलाच्या दिवशी सकाळी मी फणसाच्या देठाचा चीक करवंटीच्या तुकड्यात धरला आणि देवळाच्या पायरीशी पोचल्यावर एका पाकळीच्या पाठीला लावला. तेल लावायला विसरलो. बोटं काळी झाली.

पाषाण न्हाऊन झाला होता. भिकूकाकाने हात जोडले आणि त्याचा आवाज बदलला. "बा सातेरी माये, आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत."

"होय म्हाराजा!" गाव एका सुरात म्हणाला.

"तुझ्या मंडपाक तुझ्या रायेतला झाड होया आसा. तुझी परवानगी आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी. लेकरांका फसव नको."

"होय म्हाराजा!"

मी पहिली पाकळी दिली. त्याने ती अंगठ्याने आणि बोटाने धरली आणि थांबला. चीक त्याच्या बोटाला लागला होता. त्याने पाकळी उलटून पाहिली, मग माझ्या बोटांवरचे काळे डाग पाहिले, मग माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, आता हा ओरडणार. तो वळला आणि त्याने पाकळी दाबली, पण नेहमीच्या जागी नाही. माझ्या उजवीकडे लावायची ती त्याने डावीकडे लावली, अंगठ्याने चांगली जोर देऊन. दुसरी हलकेच उजवीकडे टेकवली. चिकटवलेली पाकळी चुकीच्या बाजूला गेली, आता झाड जाणार, आणि तेही माझ्या हाताने.

माझ्या उजवीकडची पाकळी दोन वेळा थरथरली आणि गळाली. मी डोळे मिटले.

"डावो!" मागून लोक ओरडले. "डावो इलो! नकार!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देवी आमच्याकडे तोंड करून उभी असते. माझी उजवी बाजू म्हणजे तिची डावी. अठरा वर्षं मी कौल बघितला तो आपल्या बाजूने. भिकूकाकाने ती पाकळी नेहमीसारखी लावली असती तर माझ्याच चिकाने किंजळ पडली असती. वीस वर्षांत ज्याचा हात एकदाही चुकला नाही, त्याने त्या एका दिवशी बाजू बदलली होती, आणि देवीसमोर, जाणूनबुजून.

सगळं तिथेच संपलं असतं. पण एक पाकळी गळाली की दगड सुकता सुकता दुसरीही आपोआप गळायला हवी. ती गळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दर्शनाला गेले तेव्हा ती तशीच होती, सुकून पाषाणाला चिकटलेली. त्यांनी नखाने खरवडली. त्याच दिवशी दुपारी गाव पुन्हा जमला. भिकूकाकाला मंडपासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत मधोमध उभं केलं. आबा एकटेच बसून बोलत होते.

"पयली पाकळी तू सदा देवीच्या डाव्या अंगाक लावतंस. काल उजव्याक कित्याक लावलंस?"

भिकूकाका पाषाणाकडे बघत राहिला.

"आणि ह्यो चीक खयचो?"

"देवीक विचारा," तो म्हणाला.

"तोंड वर करून बोलता! शिरा पडो तुझ्या तोंडावर!" कोणी तरी म्हणालं. कोणी म्हणालं, मानकऱ्यांना खाली बघायला लावायचं म्हणून त्याने हे केलं. मी आबांच्या मागे बसलो होतो. हात धोतराखाली लपवलेले, कारण डाग अजून सुटले नव्हते. मी उठलो. पुरता नाही, गुडघ्यांवर आलो. "आबा," मी म्हणालो.

त्यांनी मान न वळवता सांगितलं, "खाली बस."

मी बसलो. ह्या कागदांवर मी माझ्याबद्दल बरंच बरं-वाईट लिहिलं आहे, पण एक वाक्य निवडून ठेवायचं झालं तर हेच ठेवावं. भिकूकाकाने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाचवायला पाहिलं नाही, की माझी लाज वाटून, हे मी त्याला पुढेही विचारू शकलो नाही. कौलाचा त्याचा मान त्याच बैठकीत त्याच्या भावबंदांकडे गेला.

एकच प्रश्न देवीला वर्षात दोनदा विचारायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. त्यामुळे किंजळ वाचली. तुळई फोंडाघाटच्या वखारीतून आली. पुढच्या वर्षी मंडप उभा होता, मग झाड तोडायला कोणाला कारणच उरलं नाही. पिल्लू पावसाच्या आधी उडालं. घरट्याच्या काठावर दोन दिवस ते पंख आपटत राहिलं. तिसऱ्या दिवशी नराने साप आणला, पण घरट्यात दिला नाही; समोरच्या आंब्यावर घेऊन बसला आणि शीळ घातली. पिल्लाने बराच वेळ विचार केला, आणि उडी घेतली. ते उडणं नव्हतं, वेडीवाकडी पडझड होती, पण ते आंब्यावर पोचलं. मी एकट्याने टाळ्या वाजवल्या. भिकूकाका तोवर गाव सोडून गेला होता. बायको पार्वतीकाकी आणि दोन मुलं घरी ठेवून तो रेडीच्या बंदरावर लोखंडाची माती भरायच्या कामाला लागला.

मी पुढल्या खेपेला गणितात पास झालो, मास्तर झालो. शाळेच्या कामासाठी एकदा रेडीला गेलो असता चहाच्या टपरीवर तो भेटला. नखशिखांत तांबडा. केस, भुवया, पापण्याही. मी ओळखलं ते झुकलेल्या खांद्यावरून. त्याने मला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "उडला काय रे ता?"

"उडला," मी म्हणालो. "आंब्यावर गेला. पडत पडत."

तो हसला, डोंगरावर हसायचा तसा. "मगे झाला. मेल्या, गणितात नापास झालंस ता बरोबर झाला! देवीचो उजवो हात खयचो ता तुका कळाक नाय. चीक माझ्या बोटाक लागलो तेवाच समाजला, ह्येचा काम. म्हटलंय, करतंस तर धड तरी कर."

"काका, मी गावात जावन सांगतंय. चीक माझो होतो म्हणान."

"कित्याक? तू दिलंस, मी लावलंय, देवीन पडूक दिल्यान. तिघांनी मिळून केला. एकट्याचा नाव कित्याक घेतंस?" त्याने बशीत चहा ओतला. "तू मास्तर. पोरांका शिकव."

हा त्याचा मोठेपणा होता. आणि मी त्या मोठेपणाच्या आड चाळीस वर्षांहून अधिक काळ लपून राहिलो. तो म्हणाला ना, कित्याक? मग मी कशाला? आबा होते तोवर आबांची भीती. ते गेल्यावर त्यांच्या नावाची काळजी. मग भावाच्या मानाची, मग निवृत्तीची, मग सवयच. भिकूकाका रेडीलाच गेला, छातीत माती भरून. गाव त्याच्या पश्चात अजून तेच म्हणतो, कौल फिरवलेलो. त्याच्या नातवाच्या लग्नाच्या बोलण्यातही ते कोणी तरी काढलं. "एकट्याचा नाव कित्याक घेतंस" असं तो म्हणाला होता. पण गावाने इतकी वर्षं एकट्याचंच नाव घेतलं, आणि ते त्याचं.

मी पस्तावलो आहे, पण कशाबद्दल ते नीट समजून घ्या. देवीला फसवलं याचा मला पस्तावा नाही. पाप असेल तर ते माझ्या नावे असू दे, मी भोगीन. किंजळ अजून उभी आहे. दरवर्षी थंडी सरायला लागली की तिच्यावर ती शीळ ऐकू येते, आधी एक आखूड, मग दोन लांब, आणि माझी सून कूकर लावते. तोच पक्षी नसेल, त्याच्या पिल्लाचं पिल्लू असेल. ज्या देवीला स्वतःच्या राईतलं एक पोर जगलेलं चालत नसेल तिने मला जाब विचारावा. मी उत्तर देईन. पण भिकू गुरवाला मी काय उत्तर देऊ?

सतीश कागद देऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पार्वतीकाकीकडे गेलो. नव्वदीला आली आहे. अंगणात कोकमं सुकवत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने कोकमांवरून हात काढला नाही.

"माका कित्याक सांगतंस?" ती म्हणाली. "माका म्हायत आसा. तेना लग्नाच्या बायलेपासून काय लपवल्यान? थय सांग, जय तेका उभो केल्यांनी."

स्मरणिकेसाठी गावाची बैठक देवळात, त्याच जागी ठरली होती. मी गेलो. नवा गुरव पाषाणासमोर गाऱ्हाणं घालायला उभा राहिला, तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, आज मी घालतो. म्हाताऱ्या मास्तरची हौस समजून तो बाजूला झाला. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून पार्वतीकाकी बसली होती. नातवाने तिला पाठुंगळी आणलं होतं.

"बा सातेरी माये, तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत."

"होय म्हाराजा!"

"ह्या जाग्यावर एका माणसाक मधी उभो करून तेचो मान काढून घेतलो."

"होय म्हाराजा!" सवयीने म्हणाले. सवय वाईट असते. मलाही तिनेच इतकी वर्षं गप्प ठेवलं.

"काम दोघांचा होता, आळ एकट्यावर इलो. पाकळेक चीक लावलेलो तो तुझ्या मानकऱ्याच्या झिलान. तो झील मी."

ह्या वेळी "होय म्हाराजा" आलं नाही. मंडपाच्या तुळईवर एक चिमणी काटक्या चाळवत होती, तेवढाच आवाज. मग माझ्या मागून सतीशचा आवाज आला, दबका आणि घाईचा, पण बोलण्याची धाटणी थेट आबांची.

"काका, खाली बसा."

मी बसलो नाही.